इतर हक्कातले नाव

यंदा १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन उरकल्यावर आमच्या गावच्या तरुण मंडळाने शाळेत रक्तदान शिबिर ठेवले होते. रात्रभराच्या पावसाने मैदानाचा चिखल झालेला असल्यामुळे खाटा व्हरांड्यात मांडल्या होत्या आणि ओल्या मातीचा, स्पिरिटचा व कोपऱ्यातल्या पातेल्यात उकळणाऱ्या चहाचा एक मिसळलेला वास सगळीकडे भरून राहिला होता. नोंदणीच्या टेबलावर बसलेल्या पोराने मला हाक मारली. त्याच्या आज्याची वारस नोंद मी तलाठी असताना माझ्याच हाताने झालेली, त्यामुळे त्या घरात माझ्याविषयी थोडा जास्तच आदर आहे. त्याने अर्ज पुढे सरकवला आणि म्हणाला, “काका, तुम्ही पण द्या की.” मी म्हणालो, “माझं रक्त चालत नाही, बाळा.” त्याने मान वर केली. “का ओ? तुम्ही तर बरे झालात नं?” या प्रश्नाला हो म्हणणेही माझ्या तोंडून निघेना आणि नाही म्हणणेही निघेना. शेवटी म्हणालो, “वय झालं आता.” पोरगा हुशार, त्याने अर्जावर बोट ठेवून दाखवले की पासष्टपर्यंत चालते. मी एकोणसाठ वर्षांचा आहे. मी हसल्यासारखे केले, रक्तदात्यांसाठी ठेवलेला चहा रक्त न देताच घेतला आणि घरी आलो.

त्या चहाची चव दिवसभर जिभेवरून गेली नाही.

बत्तीस वर्षे मी महसूल खात्यात नोंदी लिहिल्या. नोंद आहे किंवा नाही, एवढ्या दोनच उत्तरांवर ज्याचे पोट भरले, त्याला स्वतःच्या अंगातल्या आजाराविषयी यातले एकही उत्तर देता येऊ नये, ही गोष्ट मला लागून राहिली. घरी येऊन मी रेक्झिनची जुनी पिशवी काढली. तिच्यात एका बाजूला आमच्या शेताचे उतारे आहेत आणि दुसऱ्या बाजूला २०११ पासूनचे रक्ताचे रिपोर्ट. सर्वांत वरच्या रिपोर्टावरचा आकडा ०.००६ टक्के असा आहे. रक्ताचा हा कॅन्सर नव्याने सापडतो तेव्हाची प्रमाणित पातळी शंभर धरली, तर तिच्या तुलनेत आज माझ्या रक्तात एवढे उरले आहे, असा त्याचा अर्थ. डॉक्टर या आकड्यावर खूश असतात. मीही असतो. मात्र ०.००६ म्हणजे शून्य नव्हे, हे ज्याने गुंठ्याच्या शंभराव्या हिश्शावरून भावाभावांना कोर्टात जाताना पाहिले आहे, त्याला निराळे सांगावे लागत नाही.

२०११ च्या पेरण्या आटोपल्या होत्या. अर्धी भाकरी खाल्ली की पोट भरल्यासारखे वाटे, डाव्या बरगडीखाली काहीतरी ठेवल्यासारखे जड लागे आणि पहाटे अंगातली बनियन घामाने पिळून निघे. आईने, म्हणजे आमच्या मायने, मला ओसरीवर उताणे झोपवले आणि तळहाताने पोट चाचपून सांगितले, “पानथरी वाढलीय.” हिवतापाच्या काळात तिने अशा पुष्कळ पानथऱ्या, म्हणजे प्लीहा, चाचपल्या होत्या, सोनोग्राफीने नंतर तेच सांगितले, फक्त सेंटीमीटरमध्ये. लातूरच्या प्रयोगशाळेतून मला पुन्हा रक्त द्यायला बोलावणे आले, कारण पांढऱ्या पेशींचा आकडा पाहून तिथल्या माणसाला आपले मशीन बिघडल्याची शंका आली होती. निरोगी माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात त्या चार ते अकरा हजार असतात. माझ्या निघाल्या १ लाख ८६ हजार. मशीन ठीक होते. मग संभाजीनगरला, तेव्हाच्या औरंगाबादला, कमरेच्या हाडातून मज्जा काढली गेली. सुई हाडात शिरते त्यापेक्षा मज्जा ओढली जाते तो क्षण जास्त वाईट असतो. अंगातून काही उपटून नेल्यासारखी ती कळ असते. आठवड्याने आजाराचे नाव कळले : क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार. आमच्या मंडळींनी, म्हणजे बायकोने, पहिला प्रश्न विचारला तो माझ्याविषयी नव्हता. “पोरांना तर होणार नाही ना?” डॉक्टर म्हणाले, हा आजार वंशातून येत नाही, वंशाला जातही नाही. माणसाच्या आयुष्यात, त्याच्या एका पेशीत, केव्हातरी घडून जातो. तेव्हा ती रडली. त्याआधी रडली नव्हती.

काय घडून जातो, हे समजून घ्यायला तलाठ्याला फार कष्ट पडत नाहीत. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. माझ्या मज्जेतल्या कुठल्याशा एका मूळपेशीत नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांची टोके तुटली आणि एकमेकांच्या जागी जाऊन चिकटली. गट नंबर नऊ आणि गट नंबर बावीस यांच्या मालकांनी शेताची टोके अदलाबदल करून घ्यावीत, तसे हे. क्षेत्रात फरक पडत नाही, कोणाचे काही चोरीला जात नाही, फक्त नवा सांधा पडतो तिथला बांध जातो. तिथे एबीएल नावाचे जनुक, जे एरवी हुकूम मिळाला तरच काम करते, ते बीसीआर नावाच्या जनुकाला जोडले जाते आणि मग हुकमाची वाट न पाहता रात्रंदिवस एकच आरोळी देत राहते : वाढा, वाढा. इंग्रजीत जनुकातल्या बदलाला म्युटेशन म्हणतात आणि महसुलात फेरफारालाही म्युटेशनच म्हणतात, हे कळले तेव्हा मी आजारपणातही हसलो होतो. गाव नमुना सहा मी जन्मभर लिहिला. हा एक फेरफार कोणी अर्ज न देता, कोणाला नोटीस न जाता, मंडळ अधिकाऱ्याच्या सहीशिवाय माझ्याच अंगात मंजूर होऊन बसला होता.

निवृत्तीआधीपासूनच मी या अदलाबदलीचा इतिहास मिळेल तिथून वाचत आलो आहे. १९६० साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना अशा रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसले, आणि त्या शहराचे नाव त्याला कायमचे चिकटले. नोवेल यांनी काचपट्टीवरच्या पेशी साध्या नळाच्या पाण्याने धुतल्या, त्याने पेशी फुगल्या आणि आतली गुणसूत्रे सुटी सुटी दिसू लागली, अशी हकीकत सांगतात. मला ती फार आवडते. आखूड गुणसूत्राचा तुटलेला तुकडा गेला कुठे, हे मात्र १९७३ पर्यंत कळले नव्हते. शिकागोच्या जॅनेट राउली यांनी घरच्या जेवणाच्या टेबलावर गुणसूत्रांचे फोटो कात्रीने कापून, जोड्या लावून पाहिले, तेव्हा बाविसाव्याचा हरवलेला तुकडा नवव्याच्या टोकाला बसलेला सापडला. आई कागदाच्या बाहुल्या खेळते म्हणून त्यांची मुले चिडवत असत म्हणे. मोजणीचा नकाशा पसरून, हद्दीच्या खुणा जुळवत मीही घरी असाच बसत असे, आणि माझी मुलेही हसत.

माझ्या पहिल्या रिपोर्टात वीस पेशी तपासल्या होत्या आणि वीसच्या वीस पेशींत ती अदलाबदल होती. हा आकडा मी किती वेळा वाचला असेल, त्याचा हिशेब नाही. विसातली एकही माझी नाही, असे मला वाटले. सर्वच्या सर्व परक्याच्या नावावर चढले. शरीर सेकंदाला वीस लाखांवर नव्या तांबड्या पेशी घडवते असे वाचले होते. त्या सगळ्या आता त्याच एका बिघडलेल्या मुळातून येत असणार, आणि मी चालतो-बोलतो तो कोणाच्या रक्तावर, असा एक विचित्र विचार रात्री झोपू देत नसे. गोळ्या सुरू झाल्या. महिन्या-दीड महिन्यात पांढऱ्या पेशी सहा हजारांवर आल्या, पानथरी बरगडीआड गेली. सहा महिन्यांनी पुन्हा मज्जा काढली. वीस पेशींपैकी सहांत अदलाबदल होती, चौदा पेशी साफ होत्या. दीड वर्षाने वीसच्या वीस साफ. सगळ्यांनी आनंद मानला, मीही मानला. पण माझ्यातला तलाठी एका जागी अडला.

त्या चौदा आल्या कुठून?

गोळी बिघडलेल्या पेशीला मारते, तिला दुरुस्त करत नाही. अदलाबदल झालेली टोके परत जागेवर जात नाहीत. मग वीस पैकी वीस बिघडलेल्या असताना चांगल्या पेशींचे बियाणे शिल्लक कुठे होते? याचे उत्तर मला पुढे कितीतरी वर्षांनी वाचायला मिळाले. कॅनडात व्हँकुव्हरला शास्त्रज्ञांनी अशाच रुग्णांची मज्जा प्रयोगशाळेत काही आठवडे जगवून ठेवली होती; १९८३ साली त्यांनी प्रसिद्ध केले की त्या भांड्यात रोगट पेशी हळूहळू ओसरत गेल्या आणि जिथे आधी सगळे रोगटच दिसत होते तिथे सरळ, अखंड गुणसूत्रांच्या पेशी वर आल्या. त्या नव्याने जन्मल्या नव्हत्या. त्या होत्याच. दाबून, गप्प, न वाढता बसल्या होत्या. गुणसूत्रांची ही तपासणी विभागणी चालू असलेल्या पेशीतच करता येते, कारण तेवढ्याच वेळात गुणसूत्रे आवळून नीट दिसतात. जी पेशी निजलेली आहे, ती मोजणीत येतच नाही.

हे वाचले तेव्हा मला एक बाई आठवली आणि मी पुस्तक मिटून ठेवले. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या सजातली, म्हणजे तेव्हा माझ्याकडे असलेल्या गावांतली, गोष्ट आहे. सातबाऱ्यातला सात हा हक्काचा नमुना आणि बारा हा पिकाचा. बारा भरायचा तर तेव्हा तलाठ्याने बांधावर जाऊन कोण काय कसते आहे ते पाहायचे असे. खरे सांगायचे तर पीकपाहणी आम्ही पुष्कळदा पाराच्या सावलीत बसून, कोतवाल सांगेल तशी लिहिली. मीही लिहिली. तिथे एका गटात तीन भावांची नावे होती. चौथा भाऊ लवकर वारला. त्याच्या बायकोची वारस नोंद कोणी लावली नव्हती आणि पीकपाहणीला मी दरवर्षी थोरल्या दिराचे नाव लिहीत होतो, कारण ओरडून सांगणारा तोच होता. पुढे तिघेही भाऊ पोटामागे लातूर-पुण्याला गेले. एका रब्बीत मी सहज त्या वाटेने गेलो, तर ओढ्याच्या कडेची शाळू उभी होती आणि ती बाई खुरपे हातात घेऊन वाकली होती. “कवापासून कसता?” म्हणून विचारले. म्हणाली, “मालक गेले तवापासून.” अठरा वर्षे. माझ्या नमुन्यात ती अठरा वर्षे नव्हती. तिची नोंद मी नंतर लावली, त्यासाठी धडपडही केली, पण या प्रकरणात माझी बाजू काही स्वच्छ नाही.

ती बाई अशी आठवल्यापासून ‘वीस पैकी वीस’ या आकड्यावरचा माझा विश्वास उडाला, आणि त्याच न्यायाने ‘वीस पैकी शून्य’ यावरचाही.

हा आजार एकाच पेशीपासून सुरू होतो, हे कसे कळले त्याचीही गोष्ट सुंदर आहे. प्रत्येक स्त्रीच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रे असतात आणि गर्भात असतानाच प्रत्येक पेशी त्यांतले एक बंद करून टाकते. कोणती पेशी आईकडचे बंद करते, कोणती वडिलांकडचे. त्यामुळे बाईचे शरीर जन्मापासून दोन तऱ्हेच्या पेशींचे मिश्रण असते. १९६७ साली फिलिप फियाल्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराच्या अशा स्त्रिया तपासल्या, ज्यांच्या दोन तऱ्हा एका विकराच्या दोन प्रकारांवरून ओळखता येत होत्या. त्यांच्या त्वचेत दोन्ही प्रकार सापडले. बिघडलेल्या रक्तपेशींत मात्र एकच. म्हणजे सगळा विस्तार एका घराण्याचा, एका मूळ पुरुषाचा. मी हे आमच्या मंडळींना समजावून सांगितले, तेव्हा ज्वारी निवडता निवडता ती म्हणाली, “म्हणजे माहेर अन् सासर दोन्ही आमच्या अंगातच असतं जन्मापासून. तुम्हाला आत्ता कळलं.” वैज्ञानिकदृष्ट्या तिचे म्हणणे बरोबर नाही; सासरचा यात काही संबंध नाही, दोन्हीकडचे माहेरच. पण मी दुरुस्ती केली नाही.

गोळीचे नाव इमॅटिनिब. बिघडलेल्या प्रथिनाला ज्या खोबणीत इंधन लागते, त्या खोबणीत ही जाऊन बसते आणि आरोळी बंद पडते. अमेरिकेत तिला मे २००१ मध्ये मान्यता मिळाली. आपल्याकडे ग्लिव्हेकच्या, म्हणजे मूळ नोव्हार्टिस कंपनीच्या याच गोळीच्या, पेटंटचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १ एप्रिल २०१३ रोजी नोव्हार्टिसच्या विरुद्ध निकाल लागला. मूळ कंपनीची गोळी महिन्याला सुमारे सव्वा लाखाची आणि भारतीय कंपन्यांची आठ-दहा हजारांची, अशी तेव्हाची तफावत वर्तमानपत्रांत छापून येत असे. मी दुसऱ्या प्रकारची घेत होतो आणि तीही पगारात जड जात होती. निकालाच्या दिवशी मी तहसीलमध्ये होतो आणि बातमी वाचून, कोणाला काही न सांगता, मागच्या लिंबाखाली जाऊन पाच मिनिटे उभा राहिलो. गोळी जेवणानंतर मोठ्या पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची असते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होते, आमच्याकडे टँकरपुढे घागरींची रांग लागत होती आणि मंडळी रोज रात्री भरलेला पेला माझ्यासमोर ठेवून म्हणे, “पूर्ण प्या.” तेवढे पाणी एकट्याने पिताना अवघडल्यासारखे होई. सकाळी डोळ्यांखाली सूज असते, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, आणि कातडीचा रंग या औषधाने फिका पडतो. “आजारपण मानवलं तुम्हाला, उजळलात,” असे एका लग्नात एका मावशींनी मला कौतुकाने सांगितले होते.

ही गोळी निजलेल्या रोगट मूळपेशीला मात्र फारसे काही करू शकत नाही. जी आरोळी गोळी बंद करते, त्या आरोळीवर ती पेशी जगतच नसते. ती मज्जेच्या तळाशी चांगल्या मूळपेशींच्या शेजारी, त्याच हाडात, त्याच ओलीवर बसून राहते. कोण कोणत्या बाजूला आहे, हे तिथे बांध घालून दाखवता येत नाही. आणि ती पेशीही माझीच आहे. तिच्यातही माझ्या आईवडिलांचेच वाण आहे, दोन टोके सोडली तर. तिला शत्रू म्हणणाऱ्या लोकांची भाषा मला कधी जमली नाही. आमच्याकडे १९५० च्या हैदराबाद कुळकायद्याने संरक्षित झालेल्या कुळांची नावे अजून कित्येक उताऱ्यांवर ‘इतर अधिकार’, बोलण्यात ‘इतर हक्क’, या मालकाखेरीज दुसऱ्यांचे हक्क नोंदवण्याच्या रकान्यात आहेत. एका गटावरचे तसे एक नाव मी माझ्या आधीच्या तलाठ्याच्या अक्षरातून उतरवून घेतले, त्याने त्याच्या आधीच्याच्या. त्या घराण्यातले कोणी गावात नव्हते. मुंबईला गिरणीत गेले, एवढेच जुन्या माणसांना माहीत होते. मालक म्हणे, काढून टाका, कोण येतंय. मी म्हणे, आदेशाशिवाय नाव निघत नाही. एके दिवशी पस्तिशीतला एक माणूस खासरा पाहणीपत्रकाची नक्कल प्लास्टिकच्या पिशवीत घालून चावडीत आला आणि त्याने मला आपल्या आज्याचे नाव सांगितले. तो भांडायला आलेला नव्हता. त्याला फक्त ती जमीन कुठे आहे ते पाहायचे होते. मालकाला मात्र आठ दिवस झोप आली नाही, आणि मला त्याची समजूतही घालता येईना, कारण तोवर मीही तशाच झोपेचा झालो होतो.

चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी गोळी थांबवून पाहण्याचा विषय काढला. फ्रान्समधल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाला होता : किमान दोन वर्षे ज्यांच्या तपासणीत काहीच सापडले नव्हते, अशा शंभर जणांची गोळी बंद केली, आणि दहातल्या साधारण चौघांचा आजार वर्षभरानंतरही परतला नव्हता. ज्यांचा परतला त्यांचा बहुतेक पहिल्या सहा महिन्यांतच परतला आणि गोळी पुन्हा सुरू केल्यावर आटोक्यात आला. पुढे असेही दिसले की गोळी सोडलेल्या काही जणांच्या रक्तात अधूनमधून तो अंश सापडतो, कमी-जास्त होतो, आणि तरीही आजार वर येत नाही. दोघे एकमेकांना ओळखून राहतात. माझा आकडा काही वेळा ‘आढळले नाही’ इथवर गेला आहे, पण दोन वर्षे सलग तिथे टिकला नाही. तेव्हा प्रश्न तिथेच मिटला. मिटला म्हणून मला बरे वाटले, हेही सांगायला हवे. सोडायची मुभा मिळाली असती, तर मी घाबरलो असतो. शिवाय १९९५ मध्ये असे आढळले आहे की अत्यंत बारकाईने शोधले तर काही निरोगी माणसांच्या रक्तातही हीच बीसीआर-एबीएलची जोडी सापडते. त्यांना आजार नसतो आणि त्यांतल्या बहुतेकांना तो कधी होतही नाही. शिबिरात त्या दिवशी चाळीस-पन्नास पोरांनी रक्त दिले असेल. व्हरांड्यातून बाहेर पडताना मी त्या भरत चाललेल्या पिशव्यांकडे पाहिले होते, हे आता कबूल करतो.

रेमिशनला मराठीत शब्द नाही, असे एक शिकलेले गृहस्थ मला म्हणाले होते. आहे. आजाराला ‘उतार पडला’ असे आपण म्हणतोच. उतार म्हणजे सपाटी नव्हे; पाणी अजून वाहते आहे, फक्त खालच्या अंगाला. पण लोक उताराविषयी विचारत नाहीत, ‘बरा झाला का’ असे विचारतात. मायने माझ्यासाठी तुळजापूरच्या देवीला नवस बोलला होता, बरा झाला की साडीचोळी करीन आणि पाच सवाष्णी जेवू घालीन. पहिल्या वर्षी प्रत्येक रिपोर्ट आला की ती विचारायची, “आता फेडू का?” मी म्हणायचो, “थांब, अजून एक येऊ दे.” पुढे तिने विचारणे सोडले. मला वाटले विसरली. २०१९ मध्ये ती गेली, आणि नवस अंगावर राहिला म्हणून मी दिवसकार्यात अस्वस्थ होतो, तेव्हा मंडळी म्हणाली, “त्यांनी कधीच फेडला. तुम्ही दौऱ्यावर होता. आम्ही दोघी जाऊन आलो.” केव्हा, असे विचारल्यावर म्हणाली, “तुम्ही पुन्हा दोन भाकरी खायला लागलात, त्या दिवाळीत.” म्हणजे २०११ चीच दिवाळी. विसातल्या चौदा साफ असल्याचा रिपोर्टही तेव्हा आलेला नव्हता. मी म्हणालो, पण तेव्हा आजार होता की. ती म्हणाली, “देवीला रिपोर्ट दाखवावा लागत नाही.”

शिबिरानंतर तीन दिवसांनी पाऊस जरा उघडला, तेव्हा मी त्या पोराच्या घरी गेलो. नोंदीत लेखनाची चूक झाली तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली ती दुरुस्त करता येते. ‘वय झालं’ ही माझी चूक लेखनातली नव्हती, पण सवय जात नाही. तो ओसरीवर बसून पाण्यात गेलेल्या सोयाबीनचे फोटो काढण्याविषयी फोनवर कोणाशी तरी बोलत होता. त्याचे झाल्यावर मी म्हणालो, “त्या दिवशी मी खोटं बोललो. पासष्टची अट मला ठाऊक होती. आजार आहे अजून. थोडका आहे, गोळीनं दबलेला आहे. चांगल्या पेशी आहेत, जास्त त्याच आहेत.” त्याने जरा विचार केला. “म्हणजे दोन्ही हायत?” “दोन्ही.” “अन् तुम्हाला काय होत नाही?” “रात्री पायात गोळे येतात.” तो हसला, मीही हसलो. मग एवढ्यावर विषय संपल्यासारखा त्याने फोन पुन्हा उघडला आणि माझ्यासमोर धरला. त्यांच्या शेताचा डिजिटल उतारा होता. “काका, आलातच तर हे बघा की. सोसायटीचं कर्ज फिटून सहा वर्षं झाली, पण आमच्या इतर हक्कात बोजा अजून दिसतोय. कसा काढायचा?” मी चष्मा लावला, अक्षरे मोठी केली आणि त्या रकान्यातली ओळ दोनदा वाचली. “बेबाकी दाखला घेतला होता का तेव्हा?” मी विचारले. त्याने आत वळून आजीला हाक मारली, आणि म्हातारी गुडघ्यावर हात टेकून पेटी उघडायला उठली.